एक टिचकी की दोन?

घरात नवे यंत्र आले की त्याच्याबरोबर एक नवा शिष्टाचारही येतो. रेडिओ आला तेव्हा बातम्या चालू असताना मध्ये बोलू नये, हा नियम आला. कुकर आला तेव्हा शिट्या मोजण्याची सवय आली आणि भाताला किती, डाळीला किती, ह्यावर सासवासुनांचे एकमत होईपर्यंत बराच काळ गेला. संगणकाने आणलेला शिष्टाचार मात्र ह्या सर्वांहून नाजूक आहे. टेबलावरच्या त्या चिमुकल्या माऊसची कळ एकदा दाबावयाची की दोनदा, एवढाच काय तो प्रश्न! पण ह्या एवढ्याशा प्रश्नाने घरोघरी किती त्रागा झाला असेल ह्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आमच्या राजारामपुरीत मोजण्याला तसे महत्त्व फार. येथे गल्ल्यांना नावांऐवजी आकडे आहेत. तिसरीत वळावयाचे ते चौथीत वळले तर पाहुण्याची फराळाच्या ताटाशी चुकामूक होते. शिवाय शिकवण्यांच्या आणि क्लासेसच्या पाट्यांचीही येथे वाण नाही. एकेकाळी टंकलेखनाच्या वर्गांतून 'टक टक' ऐकू येई. पुढे तेथेच संगणक आले आणि टकटकीची टिचकी झाली. अशा वस्तीतल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात आज डोकावले, तर एक गंमत दिसेल. सेवानिवृत्त आजोबा संगणकापुढे बसले की दिसेल त्या गोष्टीवर दोनदा टिचकी मारतात. जेथे एक पुरे तेथेही दोन! उलट त्यांची नात मोबाईलवर वाढलेली. ती फोल्डरच्या चित्रावर एकदाच बोट टेकविल्यासारखी कळ दाबते आणि ते उघडण्याची वाट पाहत बसते. ते उघडत नाही; नुसते निळसर होऊन राहते. "संगणक बंद पडलाय वाटतं," असे ती म्हणते आणि आजोबा विजयी मुद्रेने पुढे सरसावतात.

वरवर पाहता ही हौसेची भांडणे. तांबडा बरा की पांढरा, ह्या आमच्या कोल्हापुरी वादासारखी. पण थोडे खोल पाहिले तर असे आढळते, की ह्या एका-दोनाच्या मागे पन्नास-साठ वर्षांचा विचार आहे, काही गणित आहे, थोडेसे व्याकरणही आहे आणि कित्येक माणसांच्या आत्मविश्वासाचा प्रश्नही आहे.

कंडक्टरची घंटी

हा विचार समजून घ्यावयाचा तर परदेशात जाण्याआधी आपण एस. टी.च्या स्टँडवर जाऊ. महाराष्ट्रातली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम धावली, आणि तिच्या कंडक्टरची घंटी मराठी माणसाच्या कानात कायमची बसली. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. 'डबल बेल' हा शब्द तर आपल्या बोलीत असा मुरला आहे, की लग्नाच्या मांडवातसुद्धा "आता डबल बेल द्या" म्हटले की वऱ्हाड निघावयाचे आहे हे सर्वांना कळते.

आता विचार करा: थांबण्याला एक आणि निघण्याला दोन, असेच का? उलट का नाही? समजा, गर्दीत कोणाचा हात दोरीला चुकून लागला आणि घंटी एकदाच वाजली, तर काय होईल? फार तर गाडी थांबेल. दोन मिनिटे वाया जातील. पण त्या चुकून वाजलेल्या एका घंटीने गाडी सुटली, तर पायरीवर एक पाय टेकविलेल्या म्हातारीचे काय? जे कृत्य मागे घेता येत नाही ते चुकून होऊ नये, म्हणून त्याला दोन खुणा. आणि ज्यात धोका नाही त्याला एक. एका खुणेला अपघात म्हणता येते, लागोपाठ आलेल्या दोन खुणांमागे मात्र मनुष्याचा हेतू असतो.

संगणकाच्या दोन टिचक्यांमागे हीच घंटी वाजते आहे. पहिली टिचकी म्हणजे, "हे बघ, मी ह्याच्याविषयी बोलतो आहे." दुसरी म्हणजे, "आता चल, उघड."

उंदराचा जन्म

माऊसचा जनक डग्लस एंगेलबार्ट हा अमेरिकन संशोधक. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ च्या सुमारास त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश ह्या सहकाऱ्याने पहिला माऊस बनविला. लाकडाची एक लहानशी पेटी, खाली दोन चाके आणि वर एकच कळ, असे त्याचे रूप होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्टने भर सभेत तो चालवून दाखविला, तोपर्यंत त्याला तीन कळा फुटल्या होत्या.

पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ह्या उंदराने बाळसे धरले. १९७३ मध्ये तेथे 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याच्या माऊसलाही तीन कळा होत्या. ह्याच केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट ह्या दोघांनी सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर 'जिप्सी' नावाचा लेखनाचा कार्यक्रम लिहिला. त्यात एखाद्या शब्दावर लागोपाठ दोनदा कळ दाबली की तो सबंध शब्द निवडला जाई. दुहेरी टिचकीचे हे पहिल्या काही ठिकाणांपैकी एक. लक्षात घ्या, ह्या दुहेरी टिचकीने काही 'उघडत' नव्हते. नुसते 'निवडले' जात होते.

१९८१ मध्ये झेरॉक्सने 'स्टार' हा संगणक बाजारात आणला. कचेरीतले टेबल, त्यावरच्या फायली, टपालाच्या पेट्या अशी चित्रे पडद्यावर मांडण्याची जी पद्धत आज आपल्या अंगवळणी पडली आहे, ती ह्या यंत्राने व्यापारात प्रथम आणली. पण स्टारवर फाईल उघडण्यासाठी दोन टिचक्या माराव्या लागत नसत. त्याच्या कळफलकावरच 'ओपन', 'मूव्ह', 'कॉपी', 'डिलीट' अशा स्वतंत्र, ठसठशीत कळा होत्या. माऊसने फाईल दाखवावयाची आणि डाव्या हाताने 'ओपन' दाबावयाचे. कामाची वाटणी स्वच्छ: उजव्या हाताने वस्तू, डाव्या हाताने कृती.

मग आले ॲपल. १९८३ मध्ये त्यांचा 'लिसा' हा संगणक निघाला, १९८४ च्या जानेवारीत 'मॅकिन्टॉश'. तीन कळांचा माऊस नवख्या माणसाच्या हातात दिला की "ही दाबू की ती?" म्हणून तो चाचरतो, हे ॲपलच्या मंडळींच्या ध्यानी आले होते. झेरॉक्स सोडून तेथे गेलेला टेस्लर तर एकाच कळेचा कट्टर पुरस्कर्ता. शेवटी माऊसला एकच कळ ठेवण्यात आली. ही सोय मोठीच, पण हिशेब कोठेतरी चुकता करावाच लागतो. कळफलकावरची 'ओपन' कळ गेली, माऊसच्या जादा कळाही गेल्या. मग 'दाखविणे' आणि 'उघडणे' ही दोन कामे एकाच कळेने कशी सांगावयाची? उत्तर निघाले: एकदा दाबली तर दाखविणे, झटपट दोनदा दाबली तर उघडणे. मूळ मार्ग मेनूतून 'ओपन' निवडण्याचा होताच. दोन टिचक्या ही त्याची आडवाट होती. पण आडवाटच लोकांच्या पायाखालची झाली आणि हमरस्त्यावर गवत उगवले! पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजनेही हीच रीत उचलली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये 'विंडोज ९५' निघाले, त्यानंतर ती जगभर गेली आणि आमच्या गल्लीबोळांतही आली.

कर्म आधी, क्रियापद मागून

ह्या ठिकाणी मराठीच्या मास्तराला राहवत नाही, आणि थोडे व्याकरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वाचकांनी जांभई आवरावी.

इंग्रजीत आज्ञा करावयाची तर क्रियापद आधी येते: 'ओपन द डोअर'. मराठीत आपण म्हणतो, 'दार उघड.' वस्तू आधी, कृती नंतर. आता विंडोजच्या आधीचा संगणक ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी ती रेघ आठवेल. त्या डॉस नावाच्या व्यवस्थेत फाईल पुसून टाकावयाची तर आधी 'डेल' लिहावे लागे आणि मग फाईलचे नाव. नक्कल करावयाची तर आधी 'कॉपी', मग नाव. ती साक्षात इंग्रजी वाक्यरचना होती. माऊस आला आणि वाक्य उलटे झाले. आता आधी फाईलवर टिचकी मारावयाची, म्हणजे कर्म सांगावयाचे. आणि मग काय करावयाचे ते, म्हणजे क्रियापद. टेस्लर आणि त्याच्या सोबत्यांनी ही रीत बुद्ध्या स्वीकारली, कारण वस्तू आधी निवडलेली असली की मनुष्याला विचार बदलावयास अवसर मिळतो. 'पुस' असे आधी म्हणून बसले की यंत्र पुसावयास टपलेलेच! त्या अमेरिकनांना मराठीचा गंध नव्हता. पण संगणकाच्या पडद्यावर जी भाषा त्यांनी चालू केली तिची वाक्यरचना आपली आहे, ह्याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही.

ह्या हिशेबाने पाहिले तर दोन टिचक्यांचे वाक्य पूर्ण आहे. पहिली टिचकी 'फाईल', दुसरी 'उघड'. मग एका टिचकीचे वाक्य अपुरे का? तसेही नाही. हॉटेलात शिरून आपण नुसते "दोन चहा" म्हणतो. 'आण' म्हणत नाही. कारण हॉटेलात चहाचे दुसरे करावयाचे काय? तेथे क्रियापद गृहीतच असते. पण घरी गृहिणीपुढे नुसते "दूध" म्हटले तर ती विचारील, "दुधाचं काय? तापवू, विरजू, की मांजरापासून झाकून ठेवू?" जेथे एकाच वस्तूचे अनेक उपयोग संभवतात, तेथे क्रियापद उच्चारावेच लागते.

एक टिचकी कोठे आणि दोन कोठे, ह्या कोड्याची किल्ली येथे आहे. संगणकातली फाईल उघडता येते, हलविता येते, तिचे बारसे पुन्हा करता येते, ती पुसताही येते. म्हणून ती आधी निवडावी लागते. इंटरनेटच्या पानावरच्या दुव्याचे मात्र एकच काम, दुसऱ्या पानावर नेणे. म्हणून तेथे एक टिचकी पुरे. ह्याचा एक मासला पाहा. टिम बर्नर्स-ली ह्याने १९९० मध्ये इंटरनेटची पाने पाहण्याचा जो पहिला कार्यक्रम लिहिला, त्यात दुव्यावरही दोनदाच टिचकी मारावी लागे! कारण त्या कार्यक्रमात पान नुसते वाचता येत नसे, तर तेथल्या तेथे लिहिता-खोडताही येई. एका टिचकीने लिहिण्याची जागा दाखवावयाची होती. पुढे जेव्हा बहुतेक लोक नुसते वाचकच झाले, तेव्हा दुसऱ्या टिचकीची गरज उरली नाही.

अर्ध्या सेकंदाचा खेळ

दोन टिचक्यांचे तत्त्व असे निर्दोष दिसते. दुखणे आहे ते वेळेचे. यंत्राला दोन टिचक्या 'लागोपाठ' हव्यात. लागोपाठ म्हणजे किती? विंडोजमध्ये हा अवधी मुळात ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा ठेवलेला असतो. शिवाय दोन टिचक्यांच्या दरम्यान माऊस जागचा हलता कामा नये; सूक्ष्म अशा चार-दोन ठिपक्यांपुरतीच त्यात सूट आहे. तरुण, सरावलेल्या हाताला हा अवधी भरपूर. पण सत्तरीतला हात, संधिवाताने आखडलेली बोटे किंवा कंपवाताने थरथरणारे मनगट ह्यांना विचारा! अर्ध्या सेकंदात दोनदा दाबावयाचे आणि वर जागचे हलावयाचे नाही, ही त्यांच्या लेखी दोरीवरची कसरतच.

आणि कसरत चुकली तर यंत्र नुसते गप्प राहत नाही. भलतेच काही करून बसते. टिचक्या सावकाश पडल्या तर त्याला वाटते, ह्यांना फाईलचे नाव बदलावयाचे आहे. नावाभोवती चौकट येते आणि पुढची दाबलेली अक्षरे त्या नावात जाऊन बसतात. दाबता दाबता हात सरकला, तर त्याला वाटते, ह्यांना फाईल उचलून नेावयाची आहे. आणि नातवाच्या मुंजीचे फोटो शेजारच्या भलत्याच फोल्डरात जाऊन पडतात. मग आजोबा म्हणतात, "मी काहीच केलं नाही, फोटो आपोआप गेले." घरातले सगळे हसतात. पण आजोबा खरेच बोलत असतात! त्यांच्या हेतूत चूक नव्हती. त्यांचा अर्धा सेकंद पाऊण सेकंदाचा होता, एवढाच त्यांचा अपराध.

महाराष्ट्रात हा प्रसंग एखाददुसऱ्या घराचा राहिला नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि २००२ पासून 'एम. एस.-सी. आय. टी.' हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत त्याची केंद्रे निघाली. सरकारी नोकरीसाठी संगणकाची परीक्षा आवश्यक ठरली, तेव्हा कारकून, शिक्षक, ग्रामसेवक अशी कितीतरी मंडळी ऐन चाळिशी-पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झाली. ज्यांनी उभ्या हयातीत फळ्यावर खडूने मोत्यासारखी अक्षरे काढली, अशा शिक्षकांना वीस-बावीस वर्षांचा पोरगा सांगू लागला, "सर, डबल क्लिक. जरा फास्ट." त्या 'जरा फास्ट'मध्ये केवढे ओझे होते! ज्यांचा संसार नोकरीवर, त्यांची नोकरी परीक्षेवर, आणि परीक्षेची पहिली पायरी ह्या अर्ध्या सेकंदावर. लाखो लोक त्या पायरीवरून वर गेले, आणि महाराष्ट्राने त्याचे श्रेय अवश्य घ्यावे. पण पहिल्याच दिवशी "हे आपल्याच्यानं व्हायचं नाही" म्हणून जे मनात खचले, त्यांपैकी कित्येकांची अडचण बुद्धीची नव्हती, बोटाची होती. आणि हे त्यांना त्या वेळी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

एकपक्ष आणि द्विपक्ष

दोन टिचक्यांविरुद्ध बंडे झाली नाहीत असे नाही. इंटरनेटची चलती झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने १९९७-९८ च्या सुमारास, इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीपासून आणि विंडोज ९८ मध्ये, अशी सोय ठेवली की हवे त्याने फायलीदेखील दुव्यांप्रमाणे एका टिचकीने उघडाव्यात. बाण फाईलवर नुसता नेऊन थांबविला की ती निवडली जाई. टिचकी मारली की उघडे. सोय चांगली होती. पण ती पडद्याआड अशा कोपऱ्यात होती की बहुतेकांना तिचा पत्ता लागला नाही.

खरे एकपक्षीय निघाले ते 'के. डी. ई.'वाले. १९९६ मध्ये माथियास एट्रिख ह्या जर्मन तरुणाने लिनक्ससाठी ही मेजाची व्यवस्था बांधावयास घेतली. जगभरच्या स्वयंसेवकांनी ती वाढविली. तिच्यात मुळापासून एकच टिचकी होती. फाईल न उघडता नुसती निवडावयाची असेल, तर बाण जवळ नेताच तिच्या कोपऱ्यात एक अधिकचे चिन्ह उमटे. त्यावर टिचकी मारली की काम झाले. ह्या पक्षाचे लोक मोठ्या निष्ठेने सांगत, "आम्ही दिवसाकाठी शेकडो टिचक्या वाचवितो." पाव शतकाहून अधिक काळ हा गड त्यांनी लढविला. आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांची 'प्लाझ्मा ६' ही आवृत्ती निघाली तेव्हा त्यात काय होते? मुळातली रीत म्हणून दोन टिचक्या! कारण असे दिले गेले, की नवीन येणारा मनुष्य विंडोजची वा मॅकची सवय घेऊन येतो. फाईल निवडावयास जातो, ती एकदम उघडते, आणि तो भांबावतो. जुन्या निष्ठावंतांसाठी एका टिचकीची सोय अर्थात शिल्लक आहे.

ह्या माघारीत मला शहाणपण दिसते. कोणती रीत तर्काने श्रेष्ठ, हा एक प्रश्न. आणि समोरच्या माणसाचा हात कोणत्या रीतीला सरावला आहे, हा दुसरा. भाषेच्या क्षेत्रात आम्ही हे रोजच पाहतो. व्याकरणाला कितीही खटकले तरी रूढी बलवान ठरते. आणि रूढीला मान देणारा वैयाकरण काही हरलेला नसतो.

मोबाईलचा एकेरी कारभार आणि डोळ्यांवाचूनचा स्पर्श

दरम्यान मोबाईलने सगळाच डाव पालटला. तेथे माऊस नाही, बाण नाही. बोट हेच सर्वस्व. चित्रावर बोट टेकले की दार उघडले. निवडावयाचे असेल तर बोट दाबून धरावे. लहान मुले चालावयास शिकण्याआधी हे शिकतात. म्हणून आजची नात फोल्डरवर एक टिचकी मारून थांबते. तिच्या लेखी दुसरी टिचकी म्हणजे फोटो आवडल्याची खूण!

मग दुहेरी टिचकीचे दिवस भरले म्हणावे काय? तसे म्हणण्यापूर्वी एका मोठ्या वर्गाला विचारले पाहिजे. दृष्टिहीन मनुष्य आज मोबाईल वापरतो तो कसा? आयफोनवर 'व्हॉइसओव्हर' आणि अँड्रॉइडवर 'टॉकबॅक' नावाची व्यवस्था असते. ती चालू केली की बोट जेथे टेकेल तेथे काय आहे, ते फोन बोलून सांगतो. बोट टेकल्याबरोबर दार उघडू लागले तर ह्या माणसाने चाचपावयाचे कसे? म्हणून तेथे पहिला स्पर्श ओळखीचा, आणि उघडावयाचे झाल्यास दोनदा टिचकी. डोळस माणसाचा शोध डोळे करतात, म्हणून त्याला एक स्पर्श पुरतो. ज्याचा शोधही बोटानेच करावयाचा, त्याला ओळख आणि कृती ह्यांच्यामध्ये एक उंबरा हवाच असतो. कंडक्टरच्या घंटीचे तत्त्व येथे पुन्हा, अधिक करुण आणि अधिक सुंदर रूपात, भेटते.

शब्दांची गंमत

जाता जाता शब्दाविषयी. 'क्लिक' ह्या शब्दासाठी मराठीत संगणकावर लिहिणाऱ्यांनी 'टिचकी' हा शब्द रूढ करीत आणला आहे. फार समर्पक शब्द! कॅरमची सोंगटी टिचकीने जाते. बाजारात मडके घेताना गृहिणी टिचकी मारून ते पक्के आहे की चिरलेले, हे पारखते. आणि पारख झाल्यावाचून पैसे देत नाही. म्हणजे आधी पाहावे आणि मग घ्यावे, हा विवेक आपल्या टिचकीत पूर्वीपासून आहेच. बटणाला 'कळ' म्हणतात, तीही मोठी अर्थवाही. कळ दाबली जाते, कळ लावली जाते आणि कळ सोसलीही जाते. ज्यांनी उतारवयात संगणक शिकला त्यांना हे तिन्ही अर्थ एकाच यंत्रात अनुभवास आले असतील.

घरी काय करावे?

आता थोडे व्यवहाराचे. फराळ आटोपला, दुपारची वामकुक्षी झाली, की ह्या दिवाळीत घरातल्या जाणत्या मुलामुलींनी दहा मिनिटे काढावीत. विंडोजच्या संगणकात माऊसच्या सेटिंगमध्ये 'डबल-क्लिक स्पीड' नावाची एक सरकपट्टी असते. ती 'स्लो'च्या बाजूला सरकवावी. म्हणजे दोन टिचक्यांमध्ये यंत्र अधिक वेळ वाट पाहते. शेजारीच एका फोल्डरचे चित्र असते. त्यावर आजीआजोबांना दोनदा टिचकी मारावयास सांगावे. ते उघडले-मिटले की गती जमली. (जुन्या विंडोज ९५ मध्ये तेथे पेटीतून टुणकन उडी मारणारा एक विदूषक असे, तो निघाला की मुले टाळ्या पिटीत.)

तेवढ्यानेही जमत नसेल तर दोन टिचक्यांचा नादच सोडावा. फाईलवर एक टिचकी मारावी आणि सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन, कळफलकावरची 'एंटर' कळ दाबावी. फाईल उघडते. ही पळवाट समजू नये. झेरॉक्स स्टारवर सगळे जग असेच काम करी! किंवा 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'सिंगल-क्लिक टू ओपन ॲन आयटम' ह्यापुढे खूण करावी, म्हणजे सारे घर एका टिचकीचे होईल.

आणि एक गोष्ट घरातल्या थोरांनीही पक्की ध्यानात ठेवावी. इंटरनेटच्या पानावर, विशेषतः विजेचे बिल भरताना, तिकीट काढताना किंवा पैसे पाठविताना, एकच टिचकी मारावी आणि हात बाजूला घ्यावा. तेथे सवयीने दोनदा दाबले तर अर्ज दोनदा जाण्याचा संभव असतो. चांगले पान ह्याची खबरदारी घेते. पण सगळीच पाने चांगली नसतात. पान हळू चालले तर ते चालू द्यावे. फाईल असेल तेथे दोन, दुवा असेल तेथे एक. आणि पैसे असतील तेथे एकच, तीही विचार करून!

शेवटी मुद्दा टिचक्यांच्या संख्येचा राहत नाही. सरकपट्टी यंत्रातच दिलेली आहे. ती सरकविणारे कोणी नव्हते म्हणून माणसे स्वतःला मंद समजत राहिली. यंत्र अर्धा सेकंद थांबते ते कोणीतरी तसे ठरविले म्हणून. आपण सांगितले तर ते आणखी थांबते, कुरकूर करीत नाही, हसत नाही. घरातल्या तरण्या मंडळींनी वडिलधाऱ्यांना शिकविताना 'जरा फास्ट' म्हणण्याऐवजी यंत्रालाच 'जरा हळू' म्हणावे. एक घंटी झाली आहे, म्हातारे माणूस पायरी चढत आहे. ते आत येऊन नीट बसले, की मग खुशाल डबल बेल द्यावी.